मुलगी बारावीनंतर इएमटी व्हायचं म्हणतेय, बडोद्यात कोणाला या कामाची माहिती आहे का?

मंजिरी_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी होणार आहे पण विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. लेक यंदा बारावी सायन्स, बी ग्रुप म्हणजे बायोलॉजी. नीटमध्ये मार्क बरे आहेत पण एमबीबीएसला लागतील असे नाहीत, डेंटल-होमिओपॅथीत तिला रस नाही. घरात सगळ्यांचं मत नर्सिंग नाहीतर फिजिओ. ती मात्र ठाम आहे की मला इएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन व्हायचंय, १०८ सारख्या अँब्युलन्सवर काम करायचंय. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे गाडीवर बसायचं?" आणि तेव्हापासून घरात जे सुरू झालंय ते अजून चालूच आहे.

माझा विरोध नाही, उलट मला तिचं कौतुक वाटतं. पण चौकशी केली तर प्रत्येकजण वेगळंच सांगतो. कोणी म्हणतं थोड्या महिन्यांचा कोर्स पुरे, कोणी डिप्लोमा म्हणतं, कोणी म्हणतं चार वर्षांची डिग्रीच हवी. मला कळायचंय ते एवढंच की नक्की काय शिकायचं, हे लोक गाडीत पेशंटला काय काय करू शकतात, आणि पंधरा वर्षांनी ही मुलगी कुठे असेल. प्रत्यक्ष काम केलेलं किंवा जवळून बघितलेलं कोणी असेल तर प्लीज लिहा.

वाडीकर
नर्सिंग करू द्या ताई. कुठेही गेली तरी नोकरी आहे, परदेशात पण. अँब्युलन्सचं काम म्हणजे उचलाउचली, त्याला डिग्री कशाला लागते? पेशंटला लवकर दवाखान्यात पोचवलं की झालं.

मांजलपूरची_मैत्रीण
वाडीकर काका, लवकर पोचवायचं तर रिक्षावाला पण पोचवतो, आपल्या रावपुऱ्यातून तर अँब्युलन्सच्या आधी पोचवेल :) पण रस्त्यात माणसाचा श्वास थांबला तर रिक्षावाला काय करणार?

मंजिरी, मला शिक्षणातलं काही माहीत नाही पण धागा वाचतेय. माझी भाची पण हेच विचारत होती.

रात्रपाळी
मंजिरीताई, मी बडोद्यातच १०८ वर इएमटी आहे. एम एस युनिव्हर्सिटीतून बीएस्सी केलं, केमिस्ट्री, त्यानंतर भरती झालो आणि अहमदाबादला कठवाड्याला ट्रेनिंग झालं. आमच्या वेळेला सायन्सचे पदवीधर, नर्सिंगवाले असे सगळेच घ्यायचे आणि मग काही आठवडे क्लासरूम, हॉस्पिटल आणि गाडी असं शिकवायचे. अधूनमधून रिफ्रेशर असतो.

आता काका म्हणाले त्याबद्दल. राग नाही, लोकांना दिसतं तेवढंच की दोघं आली, स्ट्रेचर काढलं, निघाली. त्या दोघांत एक पायलट, म्हणजे गाडी चालवणारा, त्याला आमच्याकडे ड्रायव्हर म्हणत नाहीत, आणि एक इएमटी. मागे पेशंटसोबत मी एकटा. डॉक्टर नसतो. म्हणजे श्वास चालू आहे का, नाडी कशी आहे, रक्त कुठून जातंय, शुगर किती, ऑक्सिजन किती, हे सगळं मी बघायचं आणि मी ठरवायचं की आधी काय. बीएलएस, म्हणजे साध्या सोयीच्या गाडीत ऑक्सिजन, सक्शन, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), मानेचा कॉलर, स्पाइन बोर्ड, डिलिव्हरी किट असं असतं. एएलएस, म्हणजे वरच्या सोयीच्या गाडीत त्याशिवाय मॉनिटर, डीफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं यंत्र), व्हेंटिलेटर. औषध द्यायचं तर ठरलेले प्रोटोकॉल असतात, आणि त्याच्या पुढचं काही असेल तर कॉल सेंटरला बसलेल्या डॉक्टरशी फोनवर बोलून, तो सांगेल तसं. तो डॉक्टर पेशंटला बघत नसतो. माझ्या डोळ्यांनी बघतो. मी त्याला चुकीचं सांगितलं तर तो चुकीचा सल्ला देणार. म्हणून मला वाटतं की या कामातलं निम्मं शिक्षण नीट तपासायला आणि नीट सांगायला शिकण्याचंच आहे.

आणि डिलिव्हरी! आपल्या जिल्ह्यात डभोई, सावली, वाघोडिया बाजूला गेलात की कळेल. बाई गाडीत घेतली, अर्ध्या रस्त्यात डोकं दिसायला लागलं की पायलटला सांगायचं बाजूला घे. बाळ आलं की आधी पुसून कोरडं करायचं, आईच्या छातीवर ठेवायचं, रडलं तर उत्तम, नाळेला दोन ठिकाणी क्लॅम्प आणि मधे कापायची. रडलं नाही तर छोटी अंबू बॅग. त्या वेळेला तुमची डिग्री केमिस्ट्रीची होती हे कोणी विचारत नाही पण मला स्वतःला कायम वाटतं की हे सगळं तीन वर्षं बसून शिकायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. म्हणून तुमच्या मुलीला एकच सांगेन, शॉर्टकट घेऊ नकोस.

वाडीकर
डिलिव्हरी पण तुम्हीच करता हे खरंच माहीत नव्हतं. मान्य. पण मग डॉक्टरच का नाही ठेवत गाडीत?

पुण्याची_भाची
आमच्याकडे असतो की! महाराष्ट्रात १०८ जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनच गाडीत डॉक्टर आहे, बरेचसे बीएएमएस. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ एएलएस. मला तर तेच बरोबर वाटतं. पेशंटच्या दारात डॉक्टर पोचतो, मग इएमटी वगैरे शिकवत कशाला बसायचं?

डॉ_कारेलीबाग
मी अ‍ॅनेस्थेशियात आहे, बरीच वर्षं कॅज्युअल्टीचे, म्हणजे तातडीच्या विभागाचे कॉल घेतले आहेत, तर या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

जगात दोन्ही पद्धती आहेत. फ्रान्समध्ये डॉक्टर गाडीतून जातो. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात मुख्यतः पॅरामेडिक जातो आणि डॉक्टर हॉस्पिटलमध्ये असतो. गुजरातने २००७ मध्ये १०८ सुरू केली ती दुसऱ्या पद्धतीने. यातली एक शहाणी आणि दुसरी वेडी असं नाहीये. पण भाची, "डॉक्टर आहे मग शिकवायचं कशाला" हे मला पटत नाही. कॉलेजमध्ये आम्ही पेशंटला स्वच्छ पलंगावर, चांगल्या उजेडात, हाताशी सिस्टर असताना बघायला शिकतो. हायवेवर उलट्या पडलेल्या गाडीतून मान न हलवता माणूस बाहेर कसा काढायचा, दोन जखमी असतील तर आधी कोणाला हात लावायचा, धावत्या गाडीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने अंबू बॅग कशी द्यायची, हे एमबीबीएसला कोणी शिकवत नाही आणि बीएएमएसलाही नाही. हे वेगळं कौशल्य आहे. ज्याने ते शिकलंय तो त्या जागी माझ्यापेक्षा चांगला आहे हे मी मोकळेपणाने सांगते.

दुसरं, काय केल्याने खरंच जीव वाचतात याचा अभ्यास झालेला आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतात एक फार मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडलेल्या पेशंटसाठी तिथे लवकर शॉक द्यायची सोय आधीच उभी केली होती. मग त्यावर श्वासनलिकेत नळी घालणं, शिरेतून औषधं देणं असं वरच्या पातळीचं सगळं वाढवून बघितलं. जगण्याचं प्रमाण त्याने वाढलं नाही. फरक कशाने पडत होता तर आसपासच्या माणसांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली होती का आणि शॉक लवकर मिळाला का, याने. म्हणजे गाडीत किती मोठ्या डिग्रीचा माणूस आहे यापेक्षा साध्या गोष्टी वेळेवर आणि बरोबर होतात का, हे बघा. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मधे थांबायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? दोन मिनिटं करून बघा, हात भरून येतात.

पुण्याची_भाची
हे माहीत नव्हतं. तरी मला डॉक्टर असलेला आवडेल, पण मुद्दा लक्षात आला.

कुसुमताई_निवृत्त
मी सिस्टर म्हणून आयुष्य काढलं. कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहिलं की गाडीतून कोण आलंय ते तोंड उघडल्यावर कळतं. शिकलेला इएमटी आत येता येता सांगतो, "पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, दुचाकीवरून पडले, वीस मिनिटं झाली, बेशुद्ध नव्हते, उजवी मांडी मोडली असावी, बीपी इतकं, ऑक्सिजन चालू आहे." आम्ही तेवढ्यात तयार. न शिकलेला नुसतं "अ‍ॅक्सिडेंट छे" म्हणतो आणि कागद पुढे करतो. मग पहिल्यापासून सगळं विचारत बसा. मंजिरी, मुलीला येऊ दे या क्षेत्रात. नर्सिंग पण छानच आहे, मी कशाला वाईट म्हणू, पण मनातून जे हवंय ते करणारी मुलगी टिकते.

मांजलपूरची_मैत्रीण
कुसुमताई +१

मंजिरी पण तिला हे सुचलं कुठून? टीव्हीवर बघून नाही ना?

मंजिरी_दांडियाबाजार
नाही ग. सासऱ्यांच्या वेळेला. आमचा जुना वाडा, दुसरा मजला, लाकडी जिना इतका अरुंद की कपाट वर न्यायचं तर खिडकीतून दोर लावावा लागतो. त्यांना पहाटे छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, घामाने सदरा भिजला, आणि सासरे म्हणे मी चालत उतरतो. गाडी आली, वर आली ती पंचविशीतली मुलगी. सासऱ्यांच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसली, मनगट धरलं, आणि शांतपणे विचारत होती, कधीपासून, हातात जबड्यात दुखतंय का, बीपीची गोळी कोणती, कशाची अ‍ॅलर्जी, शेवटचं कधी खाल्लं. आधी गुजरातीत, मग आमचं बोलणं ऐकून मराठीत. फोनवर डॉक्टरांशी बोलली, अ‍ॅस्पिरिन चावून खायला दिली. आणि चालत उतरू दिलं नाही म्हणजे नाही. सासरे तिच्यावर चिडले, तिने ऐकून घेतलं आणि खुर्चीत पट्टे बांधून शेजारच्या दोन मुलांना कुठे धरायचं ते दाखवून खाली उतरवलं. लेक टॉर्च धरून जिन्यात उभी होती. तेव्हापासून तिचं ठरलंय. सासरे आता ठणठणीत आहेत, रोज कमाटीबागेत फिरायला जातात.

एक विचारायचं होतं, ती मुलगी मनगट धरून बराच वेळ सासऱ्यांच्या पोटाकडेच बघत होती. नाडी तर घड्याळाकडे बघून मोजतात ना?

रात्रपाळी
ताई ती श्वास मोजत होती. माणसाला कळलं की आपला श्वास मोजतायत की तो आपोआप बदलतो, हळू तरी होतो नाहीतर जोरात. म्हणून मनगट धरून ठेवायचं, त्याला वाटतं नाडी बघतायत, आणि आपण छाती-पोट वरखाली किती वेळा होतं ते मोजायचं. पहिल्या आठवड्यात शिकवतात.

आणि चालू दिलं नाही ते एकदम बरोबर. हृदयाला रक्त कमी मिळतंय अशा वेळेला जिना उतरणं म्हणजे त्याच्यावर आणखी काम टाकणं. याच्यावरून नातेवाईकांशी सगळ्यात जास्त वाद होतात. "अहो ते चालू शकतात!" चालू शकतात हो, पण चालायला नकोय. तिचे प्रश्न पण ठरलेल्या क्रमाने असतात, त्रास काय, अ‍ॅलर्जी, औषधं, जुने आजार, शेवटचं खाणं, आणि हे व्हायच्या आधी काय करत होते. घाबरलेल्या घरात हा क्रम डोक्यात पक्का असला की काही सुटत नाही.

इतिहासवेडा
उशिरा आलो. या पेशाचा इतिहास फार मोलाचा आहे आणि मुलीने तो वाचावा असं मनापासून वाटतं.

नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लारे, त्याने लढाई चालू असतानाच जखमींना उचलून आणणाऱ्या हलक्या घोडागाड्या सुरू केल्या. पण आजचा पॅरामेडिक घडला तो १९६० च्या दशकात. १९६६ साली बेलफास्टमध्ये पॅंट्रिज नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाने डीफिब्रिलेटर गाडीत बसवून पेशंटच्या घरी न्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत एक सरकारी दर्जाचा अहवाल आला की अपघातात माणसं मरतायत आणि वाटेत उपचार जवळजवळ नाहीतच. तेव्हा तिथे कित्येक गावांत अँब्युलन्स चालवायचे कोण, तर अंत्यविधीचं काम करणारे, कारण आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच होती!

मग १९६७ मध्ये पिट्सबर्गला फ्रीडम हाउस अँब्युलन्स सुरू झाली. पीटर सफार नावाचा अ‍ॅनेस्थेशियाचा डॉक्टर, तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीवर ज्याचं मोठं काम आहे, त्याने हिल डिस्ट्रिक्ट या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं घेतली, बेकार, काहींचं शाळेचं शिक्षणही अर्धवट, आणि त्यांना शेकडो तास शिकवलं. शरीररचना, सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं), हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम, सगळं. ज्यांना शहराने कशाच्याच लायक धरलं नव्हतं त्यांनी तोवर तिथे पेशंट नेणाऱ्या पोलिसांच्या गाड्यांपेक्षा कितीतरी चांगलं काम करून दाखवलं. पुढे नॅन्सी कॅरोलिन नावाची तरुण डॉक्टर तिथे आली, त्यांच्याबरोबर गाडीत फिरली, आणि अमेरिकेतल्या पॅरामेडिकच्या अभ्यासक्रमाचा पाया तिने तिथल्या कामातून घातला. १९७५ ला शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद केलं. त्यातल्या बऱ्याच जणांना नव्या सेवेत नीट वागवलं गेलं नाही, हे वाचून मला अजून त्रास होतो.

डॉ_कारेलीबाग
सफारांचं नाव आमच्या शाखेत आदराने घेतात. त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्यात गेली होती, १९६६ मध्ये. त्यानंतर त्यांनी हे काम आणखी जोमाने हातात घेतलं.

वाडीकर
इतिहासवेडा, छान लिहिलंत. आणि मांजलपूर, रावपुऱ्याचं तू म्हणालीस ते सोळा आणे खरं. परवा मांडवीजवळ सायरन वाजवत गाडी अडकली होती आणि पुढे एक जण पार्किंगवरून भांडत होता.

मांजलपूरची_मैत्रीण
काका, अँब्युलन्सला रस्ता दिला नाही तर १०,००० रुपये दंड आहे, २०१९ च्या कायद्यात आलंय. कोणाला झालेला मी तरी ऐकला नाही. आणि सायरन ऐकून लोक डावीकडे जायचं सोडून जागच्या जागी ब्रेक मारतात ते वेगळंच.

रात्रपाळी
अजून एक लिहून ठेवतो, इथे बरेच लोक वाचतायत म्हणून. अपघात बघितला तर मदत करा, घाबरू नका. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा निकाल आहे आणि २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच १३४ए कलम आहे, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, नाव सांगायची पण सक्ती नाही. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत तर लक्षात ठेवाच. दुचाकीवाल्याच्या गळ्याला मांजा लागला की लोक व्हिडिओ काढतात नाहीतर पाणी पाजतात. पाणी नको. स्वच्छ रुमाल घ्या, जखमेवर थेट दाबा, आणि आम्ही येईपर्यंत उचलून बघू नका.

डॉ_कारेलीबाग
बरोबर. आणि आडवं झोपवा, बसवू नका. मानेतली मोठी शीर कापली असेल तर बसलेल्या माणसात त्यातून हवा आत ओढली जाऊ शकते. शिकलेला इएमटी त्यावर हवाबंद ड्रेसिंग लावतो ते त्यासाठीच.

ऋता_परत
विषय परत मुलीच्या करिअरवर आणते, कारण दुसरी बाजू कोणीच लिहिली नाही. माझा भाऊ दुसऱ्या राज्यात एका खाजगी अँब्युलन्स कंपनीत होता. छोटा कोर्स केला होता. कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी नवीन, पगार तिथेच, बारा बारा तासांची ड्युटी, आणि वर चढायला पायरीच नाही, आज इएमटी आणि पंधरा वर्षांनी पण इएमटी. पाठ गेली त्याची. एकदा नातेवाईकांनी मारलं, गाडी उशिरा आली म्हणून. कंपनीने विचारलं सुद्धा नाही. शेवटी सोडलं आणि आता ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे. काम वाईट नाही हो, तो अजूनही म्हणतो तसं समाधान परत मिळालं नाही. पण मंजिरीताई, नुसत्या कौतुकावर जाऊ नका. हे पण बघा.

मंजिरी_दांडियाबाजार
ऋता, लिहिलंस ते फार बरं केलंस. मला हीच भीती आहे. रात्रपाळीदादा, डॉक्टर, यावर काय म्हणाल?

रात्रपाळी
खोटं कशाला बोलू, ऋताताई म्हणतात ते आमच्यातल्या पुष्कळांनी बघितलंय. बारा तासाची शिफ्ट असते, सणावाराला सुट्टी नाही, दिवाळी आणि उत्तरायण तर कॉल वाढलेले असतात. पाठीचं म्हणाल तर उचलायचं तंत्र असतं, गुडघ्यातून वाकायचं, पेशंट अंगाजवळ धरायचा, दोघांनी एका आवाजावर उचलायचं, आणि ते न शिकता काम करणारे लवकर मोडतात. मारहाणीचं दुःख आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मुलींबद्दल कोणी विचारलं नाही तरी सांगतो, आमच्याकडे मुली आहेत, रात्री पण काम करतात, आणि बाळंतपणाच्या कॉलला बाई बघून घरच्यांना जो धीर येतो तो मी कितीही चांगलं काम केलं तरी मला देता येत नाही.

डॉ_कारेलीबाग
ऋताच्या भावासारखी अडचण मुळात शिक्षणातूनच येते असं मला वाटतं. छोट्या कोर्सवर माणूस घेतला की त्याला सहज बदलता येतं, म्हणून त्याला पायरीही कोणी देत नाही. हे बदलायची सुरुवात कायद्याने झाली आहे. २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आला, त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट आणि अ‍ॅडव्हान्स केअर पॅरामेडिक दोन्ही आहेत. त्या कायद्याप्रमाणे अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण, आणि हेल्थकेअर प्रोफेशनलला तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास. राज्यांनी कौन्सिल करायची आणि तिथे नोंदणी. म्हणजे थोड्या महिन्यांच्या सर्टिफिकेटवर उद्या नोंदणी मागायला गेलात तर अडचण येणार, हे आत्ताच समजून घ्या.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला, इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजीची बीएस्सी करू दे, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी. कॉलेजच्या पत्रकावर नुसतं पॅरामेडिकल लिहिलेलं असेल तर आत कोणती शाखा आहे ते वाचा, बऱ्याच ठिकाणी लॅब आणि एक्स-रे एवढंच असतं. स्किल कौन्सिलचे (कौशल्य प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे) इएमटी बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स्ड असे कोर्स आहेत, ते ज्याला लगेच कमवायचंय त्याच्यासाठी ठीक, पण तुमच्या मुलीकडे वेळ आहे. पदवीनंतर करायचा पुण्याला सिंबायोसिसचा इमर्जन्सी सर्व्हिसेसचा पीजी डिप्लोमा आहे, तो रस्ता पुढेही उघडा राहतो.

आणि पुढे फक्त गाडीच नसते. इमर्जन्सी विभाग, आयसीयू ट्रान्सफर, एअर अँब्युलन्स, कारखान्यातली मेडिकल टीम, ट्रेनिंग. आपल्या बडोद्याभोवती रिफायनरी, पेट्रोकेमिकल्स, एवढी इंडस्ट्री आहे, तिथे असा शिकलेला माणूस लागतोच.

स्नेहल_ब्रिस्बेन
मी मूळची बाबाजीपुऱ्यातली, इथे पॅरामेडिसिन शिकतेय, शेवटचं वर्ष. वाडीकर काकांनी परदेशाचं काढलं म्हणून लिहिते. ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०१८ पासून पॅरामेडिक हा नोंदणीकृत पेशा आहे, नर्स आणि डॉक्टरसारखाच. नोंदणीशिवाय कोणी स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेऊ शकत नाही. इंग्लंडमध्येही तसंच, आणि तिथे २०२१ पासून नव्याने येणाऱ्यांना डिग्री लागते. अमेरिकेत पायऱ्या आहेत, इएमटीला दीडेकशे तास, पॅरामेडिकला हजाराच्या वर. पण भारतातलं सर्टिफिकेट घेऊन कुठेच थेट काम मिळत नाही, तपासणी होते, इंग्रजीची परीक्षा होते, कधी पुन्हा शिकावं लागतं. डिग्री असेल तर निदान बोलणी सुरू होतात. छोट्या कोर्सवर दारही उघडत नाही.

इथे पॅरामेडिक बऱ्याच पेशंटना हॉस्पिटलला नेतच नाहीत. घरी तपासतात, शुगर कमी झाली असेल तर ग्लुकोज देतात, थांबतात, परत मोजतात, खायला लावतात, आणि पेशंट ठीक असेल तर लिहून देऊन निघतात. एवढा निर्णय घ्यायचा अधिकार शिक्षणामुळेच मिळालाय. हे भारतात यायला पाहिजे असं मला फार वाटतं.

वाडीकर
मी सुरुवातीला उचलाउचली लिहिलं होतं. आता मत बदललंय, डिग्री करू द्या. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवा.

मंजिरी_दांडियाबाजार
वाचून दाखवला काका. इतिहासवेडांची पोस्ट दोनदा वाचायला लावली, आणि सासरे मधेच म्हणाले, "त्या मुलीने मला खुर्चीला बांधलं होतं, आमची पण बांधेल." सासूबाई अजून पूर्ण तयार नाहीत. रात्रीच्या ड्युटीवर अडलंय. पण फॉर्म भरायला हो म्हणाल्या. आम्ही बीएस्सीचंच बघतोय, गुजरातेत मिळालं तर उत्तम नाहीतर बाहेर.

कॉलेज बघायला जाऊ तेव्हा काय विचारू ते सांगाल का कोणी?

डॉ_कारेलीबाग
चार गोष्टी विचारा. विद्यापीठ कोणतं आणि मान्यता कोणाची. स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि त्याच्या कॅज्युअल्टीत रोज किती पेशंट येतात, कारण रिकाम्या कॅज्युअल्टीत काही शिकता येत नाही. लेबर रूम आणि ओटीची पोस्टिंग मिळते का, मास्क धरायला आणि श्वासनलिका मोकळी ठेवायला आमच्याकडेच शिकतात. आणि स्किल लॅब उघडून दाखवा म्हणा. पुतळा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नवा कोरा दिसला तर समजून जा.

रात्रपाळी
अँब्युलन्सवर किती तास पाठवतात ते पण विचारा. सेवेशी करार आहे का की नुसती कॉलेजची गाडी आवारात उभी आहे. आणि मागच्या बॅचचा एखादा मुलगा किंवा मुलगी भेटली तर बाजूला घेऊन विचारा, खरं तेच सांगतात.

अजून एक, हिपॅटायटिस बी ची लस झालीये का ते बघा. लहानपणी झाली नसेल तर तीन डोस असतात, पहिला, मग एका महिन्याने, मग सहा महिन्यांनी. पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी पूर्ण व्हायला हवेत म्हणून आत्ताच सुरू करा, रक्ताशी रोज संबंध येतो आमचा.

मंजिरी_दांडियाबाजार
तिची फाइल काढून बघितली, तिन्ही डोस लहानपणी झालेत. सोमवारी पहिलं कॉलेज बघायला जातोय. ऋता, तुझ्या भावाशी एकदा फोनवर बोलायला मिळेल का? लेकीला त्यांनाही विचारायचंय.

ऋता_परत
नक्की. विचारून ठेवते, रविवारी संध्याकाळी मोकळा असतो. नंबर मेसेज करते.